मॅग व्हील घेण्याआधी टायरचा आकार कसा ताडून पाहायचा: पहिल्यांदाच टायर-डिस्क बदलणाऱ्यांसाठी

माझी २०१४ ची स्विफ्ट. कंपनीतून आली ती १४ इंची लोखंडी डिस्क (टायर जिच्यावर चढवतात ती चकती) आणि १६५/८० आर १४ टायरवर. चार वर्षांनी टायर झिजले तेव्हा वाटलं, नाहीतरी पैसे जाणारच आहेत, तर मॅग व्हीलच, म्हणजे मिश्रधातूची डिस्कच टाकू. दुकानात १५ इंची मॅग व्हील पसंत पडली आणि त्यांच्यावर चढवलेले, थोडेच वापरलेले २०५/६५ आर १५ टायरही स्वस्तात मिळत होते. हा आकार जुन्या इनोव्हाचा. दुकानदार म्हणाला, "साहेब, पंधराचा पंधराच आहे, बिनधास्त बसतो." बसलाही. साताऱ्यातल्या रस्त्यांवर पंधरा दिवस काही जाणवलं नाही.

मग घरची पाच माणसं आणि सामान घेऊन चिपळूणला निघालो. पाटण, कोयनानगर मागे पडलं आणि कुंभार्ली घाटातल्या पहिल्याच मोठ्या वळणावर डावीकडून घर्रर्र आवाज आला. स्टिअरिंग सरळ केलं की बंद, वळवलं की पुन्हा सुरू. चिपळूणला पोचल्यावर खाली वाकून पाहिलं. चाकाच्या वरच्या काळ्या प्लास्टिकच्या अस्तराला बोटभर रुंद चकचकीत पट्टा पडला होता, त्याच्या कडेला रबराचा काळा भुगा साचला होता आणि टायरच्या खांद्यावर, म्हणजे भिंत आणि रस्त्याला टेकणारा भाग जिथे जुळतात त्या कडेवर, गोल चरा उमटला होता. अजून पन्नास किलोमीटर असाच चालवला असता तर टायर कापला गेला असता. गाडीत आई बसली होती. तो चरा पाहिल्यावर मी ठरवलं की हा विषय मुळापासून समजून घ्यायचा.

समजून घेतल्यावर कळलं की सगळा हिशोब वही-पेनाने दहा मिनिटांत होतो. तो खाली क्रमाने देतोय. उदाहरण माझ्या गाडीचं आहे, पण पद्धत कुठल्याही गाडीला चालते.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ ठेवा

- गाडीची ओनर्स मॅन्युअल
- आरसी आणि विमा पॉलिसी
- चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या हवेच्या स्टिकरचा फोटो
- सध्याच्या टायरच्या बाजूचा स्पष्ट फोटो
- मेजरिंग टेप, लोखंडी पट्टी, खडू
- व्हर्नियर कॅलिपर (बारीक माप घ्यायचं साधन) मिळाला तर उत्तम, नाहीतर दुकानातला वापरा
- मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर

१. जुन्या टायरवरचा प्रत्येक आकडा वाचा

टायरच्या बाजूला १६५/८० आर १४ ८५ टी असं काहीतरी कोरलेलं असतं. बहुतेक लोक फक्त शेवटचा १४ बघतात, तिथेच फसगत होते.

१६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० हा टक्का आहे: टायरची भिंत, म्हणजे डिस्कच्या कडेपासून जमिनीला टेकणाऱ्या भागापर्यंतची उंची, ही रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या धाग्यांच्या रचनेचा प्रकार. १४ हा डिस्कचा व्यास, इंचांत. ८५ हा वजनाचा सांकेतिक आकडा आणि टी हे वेगाचं अक्षर.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ८० हा मिलिमीटर नाही, टक्का आहे. म्हणून रुंदी बदलली की टक्का तोच ठेवला तरी भिंतीची उंची बदलते. २०५/६५ आणि १८५/६५ दोन्ही "पासष्ट" असले तरी पहिल्याची भिंत १३३.२५ मिमी आणि दुसऱ्याची १२०.२५ मिमी. माझा सगळा घोळ या १३ मिलिमीटरांपासून सुरू झाला, कारण ते वर आणि खाली दोन्हीकडे मोजले जातात.

वजनाच्या आकड्याचा अर्थ असा: ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ८५ म्हणजे ५१५, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५ किलो. वेगाची अक्षरं: एस १८०, टी १९०, एच २१० आणि व्ही २४० किमी प्रति तास. नियम सरळ आहे. नव्या टायरचे हे दोन्ही आकडे जुन्यापेक्षा जास्त चालतील, कमी चालणार नाहीत. कोणी म्हणेल की आपण कुठे १९० ने पळवतो? पण वेगाचं अक्षर टायर किती उष्णता सोसतो तेही सांगतं. मे महिन्यात भरलेली गाडी घेऊन महामार्गावर दोन तास चालवा, मग त्याचं महत्त्व पटेल.

२. दोन्ही टायरची पूर्ण उंची काढा

सगळ्या विषयाचा कणा हाच. डिस्क कितीही मोठी घ्या, टायरसकट चाकाची जमिनीपासून वरपर्यंतची उंची कंपनीच्या चाकाइतकीच राहिली पाहिजे. डिस्क वाढली तर टायरची भिंत त्या मानाने कमी झाली पाहिजे.

हिशोब असा:

भिंत = रुंदी × टक्का ÷ १००
पूर्ण उंची = भिंत × २ + डिस्कचे इंच × २५.४

माझा मूळ टायर १६५/८० आर १४:
भिंत = १६५ × ८० ÷ १०० = १३२ मिमी
डिस्क = १४ × २५.४ = ३५५.६ मिमी
पूर्ण उंची = २६४ + ३५५.६ = ६१९.६ मिमी

आता पर्याय याच्याशी ताडून पाहा:

- १८५/७० आर १४: ६१४.६ मिमी, ०.८ टक्के कमी
- १८५/६५ आर १५: ६२१.५ मिमी, ०.३ टक्के जास्त
- १९५/६० आर १५: ६१५ मिमी, ०.७ टक्के कमी
- १९५/६५ आर १५: ६३४.५ मिमी, २.४ टक्के जास्त
- २०५/६५ आर १५: ६४७.५ मिमी, ४.५ टक्के जास्त
- १९५/५५ आर १६: ६२०.९ मिमी, ०.२ टक्के जास्त
- १९५/५० आर १६: ६०१.४ मिमी, २.९ टक्के कमी
- २०५/४५ आर १७: ६१६.३ मिमी, ०.५ टक्के कमी

टायरच्या धंद्यात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असं सगळीकडे सांगतात. माझं मत विचाराल तर दीड टक्क्याच्या पुढे जाऊच नका. ३ टक्के ही अगदी कड आहे, आणि कडेवर उभं राहिलं की बाकी कुठल्याही मापात चूक करायला जागा उरत नाही. मी बसवलेला टायर साडेचार टक्के मोठा होता, म्हणजे पूर्ण उंचीत २८ मिमी. चाकाचा मध्य जागेवरच असतो, म्हणून वरच्या बाजूला १४ मिमी जागा खाल्ली गेली. शिवाय टायर मूळपेक्षा ४० मिमी जास्त रुंद. गाडीत पाच माणसं बसून स्प्रिंग दबल्यावर जी जागा उरायला हवी होती ती राहिलीच नाही.

यादीतला १९५/५० आर १६ पुन्हा पाहा. उंची ३ टक्क्यांच्या आत बसते म्हणून दुकानदार तो सुचवेल. पण या आकारात साधारण मिळणारा टायर ८४ आकड्याचा असतो. माझ्या मूळ टायरचा ८५. म्हणजे उंचीत पास आणि वजनात नापास. दोन्ही परीक्षा वेगवेगळ्या घ्याव्या लागतात त्या यासाठीच. हाच आकार जादा वजन पेलणाऱ्या, म्हणजे एक्सएल प्रकारात ८८ चा मिळतो. घ्यायचाच असेल तर टायरवर एक्सएल वाचूनच घ्या.

आता १७ इंची पर्याय. फरक अर्धाच टक्का, आकडे अगदी देखणे. पण भिंत किती उरली? ९२.२५ मिमी. मूळ १३२ होती. जवळजवळ ४ सेंटिमीटर रबर आणि हवा कमी झाली. रस्त्यावरचा धक्का आधी टायरची भिंत खाते, मग सस्पेन्शन. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही. त्यात ताशी ६० ने चाक गेलं की बुटकी भिंत डिस्कच्या कडेवर चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी टायरला अंड्याएवढा फुगा आलेला दिसतो. असा टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. सोबत डिस्क वाकली तर खर्च दुप्पट. आपल्याकडच्या लहान गाडीला मूळ आकारापेक्षा एक इंच वाढ पुरे, असं मी अनुभवाने सांगतो. दोन इंचांचा विचार फक्त शहरातल्या चांगल्या रस्त्यांवर गाडी फिरत असेल तरच करा.

आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर प्रत्यक्ष मोजा. सपाट फरशीवर गाडी उभी करा. टायर जमिनीला जिथे टेकतो तिथे टायरवर आणि फरशीवर खडूने रेघ मारा. गाडी सरळ ढकला, टायरवरची रेघ पुन्हा बरोबर खाली आली की फरशीवर दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे चाकाचा एक फेरा. ६१९.६ मिमी उंचीच्या चाकाचा कागदावरचा परीघ १,९४६ मिमी येतो, प्रत्यक्षात दोन-तीन टक्के कमीच भरतो, कारण गाडीच्या वजनाने टायर खाली चपटा होतो. म्हणून जुना आणि नवा, दोन्ही टायर एकाच पद्धतीने मोजा. एक कागदावर आणि एक फरशीवर असं करू नका.

३. मीटर आणि मायलेजवर काय होईल ते आधीच काढून ठेवा

स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण मीटरला ते कळत नाही. साडेचार टक्के मोठ्या चाकावर मीटर १०० दाखवत असेल तेव्हा गाडी पूर्वीच्या मानाने १०४.५ ने पळत असते. कंपन्या मीटर मुळात थोडा पुढेच लावतात, त्यामुळे लगेच दंडाची वेळ येईल असं नाही. पण जी सुरक्षित फट ठेवलेली असते ती तुम्ही स्वतःच्या हाताने बुजवता.

मायलेजचा गैरसमज याच्यातूनच होतो. मोठ्या चाकावर खरे १,००० किमी झाले की ओडोमीटर ९५७ च दाखवतो. टाकी फुल करून हिशोब केला की वाटतं मायलेज पडलं. त्यातलं थोडं नुसतं मोजमापाचं असतं. उरलेलं मात्र खरंच पडलेलं असतं, कारण रुंद टायर आणि जड डिस्क फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो. मॅग व्हील म्हणजे हलकंच असं धरून चालू नका. स्वस्तातली कित्येक मॅग व्हील लोखंडी डिस्कपेक्षा जड भरतात. दुकानात वजनकाटा असतो, दोन्ही ठेवून पाहा.

रुंदीबद्दल एक गोष्ट कोकणात जाणाऱ्यांनी मनावर घ्यावी. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर चांगला चिकटतो, पण साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो, कारण त्याच्या वाट्याचं पाणी बाजूला सारायला खाचांना जास्त काम पडतं. म्हणून रुंद टायर घेतलात तर खाचांची खोली १.६ मिमीच्या खुणेपर्यंत येईस्तोवर थांबू नका. ३ मिमी उरली की पावसाळ्याआधी बदला.

४. डिस्कची चार मापं: सगळ्यात जास्त चुका इथेच होतात

टायरची उंची जुळली म्हणून मॅग व्हील बसेलच असं नाही. प्रत्येक डिस्कची चार मापं जुळवावी लागतात.

पहिलं, पीसीडी. नटांच्या भोकांचे मध्यबिंदू ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. चार भोकांच्या डिस्कवर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा, तोच पीसीडी. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांचा ४ × १०० असतो. पाच भोकं असली तर समोरासमोर भोक नसतं. तिथे शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजून १.७ ने गुणा. ५८.८ मिमी आलं तर पीसीडी १००, ६७.२ आलं तर ११४.३. पोलोचा ५ × १०० आहे, क्रेटाचा ५ × ११४.३.

सापळा आहे तो ४ × ९८ चा. जुन्या पालिओसारख्या फियाट गाड्यांची डिस्क ९८ ची असते. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, नट जोर लावून आवळला तर बसल्यासारखाही वाटतो. पण नट भोकात तिरका बसतो, बोल्टवर सतत बाजूने ताण येतो आणि एखाद्या दिवशी तो सैल होतो किंवा तुटतो. सेकंडहँड मॅग व्हील घेताना हे माप स्वतः घ्या. पहिले दोन नट हाताने, पान्याशिवाय शेवटपर्यंत फिरले पाहिजेत. फिरले नाहीत तर तिथेच थांबा.

दुसरं, मधलं भोक, ज्याला सेंटर बोअर म्हणतात. गाडीच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, मधला उंचवटा यात बसतो आणि चाक अगदी मध्यावर राहतं. बाजारातल्या मॅग व्हीलचं हे भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, अनेक गाड्यांना चालावं म्हणून. मग मधली पोकळी भरायला हब रिंग लागते. ती न टाकता चाक लावलं तर नुसत्या नटांवर तोललं जातं आणि ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. मग तुम्ही तीनदा बॅलन्सिंग करून घेता आणि तरी थरथर जात नाही. हबचा व्यास आणि डिस्कच्या भोकाचा व्यास, दोन्ही व्हर्नियरने मोजून त्या मापाची रिंग मागा. भोक लहान असेल तर ती डिस्क तुमच्या गाडीची नाही. लेथवर भोक मोठं करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

तिसरं, डिस्कची रुंदी. ५.५ जे, ६ जे अशी लिहिलेली असते, इंचांत. प्रत्येक टायरला किती रुंदीची डिस्क चालते हे ठरलेलं असतं. १८५/६५ आर १५ ला ५ ते ६.५ इंच, १९५/५५ आर १६ ला ५.५ ते ७ इंच. रुंद डिस्कवर अरुंद टायर ताणून बसवायची फॅशन आहे, ती करू नका. टायरची कड डिस्कवर नीट बसत नाही आणि खड्ड्यात हवा सुटण्याची शक्यता वाढते.

चौथं माप ऑफसेट. डिस्कच्या मागे ईटी आणि पुढे आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ ईटी ४५. डिस्कच्या रुंदीची मधली रेघ आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातलं हे मिलिमीटरमधलं अंतर. आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकतं, वाढला की आत जातं. रुंदी आणि ऑफसेट दोन्ही एकदम बदलतात तेव्हा अंदाज चुकतो, म्हणून एक उदाहरण करून दाखवतो.

समजा जुनी डिस्क ५.५ जे, ईटी ४५. नवी ६.५ जे, ईटी ३८. रुंदी एक इंचाने, म्हणजे २५.४ मिमीने वाढली. त्यातली निम्मी बाहेर, निम्मी आत: १२.७ मिमी प्रत्येकी. ऑफसेट ७ ने कमी झाला, म्हणजे सगळं चाक ७ मिमी बाहेर गेलं. बाहेरची कड एकूण १२.७ + ७ = १९.७ मिमी पुढे आली. आतली कड १२.७ − ७ = ५.७ मिमी आत गेली. आता गाडीजवळ जा आणि पाहा: फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) आत जवळपास २० मिमी आणि सस्पेन्शनच्या बाजूला ६ मिमी जागा आहे का? त्यावर बोटभर मोकळीक आहे का?

चाक बाहेर आलं की गाडी दिसते छान, मला मान्य आहे. पण व्हील बेअरिंगवर लांबून जोर पडतो, चिखल दारांवर उडतो आणि स्टिअरिंग खड्ड्यागणिक हाताला झटका देतं. कंपनीच्या ऑफसेटपासून पाच-सात मिमीच्या पलीकडे जाऊ नका. माझ्या पहिल्या मॅग व्हीलचा ईटी मी पाहिलाच नव्हता. नंतर काढून उलटं केलं तेव्हा तो मूळपेक्षा बराच कमी निघाला. टायर घासण्यात त्याचाही हात होता.

५. कंपनीनेच दिलेला मोठा आकार आहे का ते शोधा

वरचा सगळा हिशोब करून मी पोचलो १८५/६५ आर १५ वर, आणि मग कळलं की स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनी हाच टायर देते. स्टिअरिंग पूर्ण वळवून, गाडी भरून, खड्ड्यात आपटून कंपनीने तो आधीच तपासला आहे. तुमच्या गाडीच्या वरच्या मॉडेलचा आकार शोधणं हा सगळ्यात कमी डोकेदुखीचा रस्ता. त्याच वर्षांतलं, त्याच पिढीचं मॉडेल असल्याची खात्री करा. नाव तेच ठेवून कंपन्या आतलं सगळं बदलतात.

कायद्याच्या बाजूनेही हेच बरं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने मूळ दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. कंपनीच्या मंजूर आकाराबाहेर गेलात तर रस्त्यावर अडवल्यावर किंवा क्लेमच्या वेळी तुमची बाजू लंगडी पडते.

विमा कंपनीला ईमेल करून विचारा की मॅग व्हील पॉलिसीत दाखवायची का आणि त्यासाठी जादा हप्ता किती. उत्तर लेखी घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरलाही लेखीच विचारा. तोंडी "काही होत नाही" याला क्लेमच्या वेळी किंमत नसते.

६. दुकानात

- टायरवर आयएसआय चिन्ह आहे का पाहा. कारच्या टायरसाठी मानक आयएस १५६३३ आहे.
- तारखेचा चार आकडी कोड वाचा. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा ३२ वा आठवडा. चारही टायरचे कोड वाचा, एकाचा वाचून थांबू नका. वर्षाहून जुना माल मी घेत नाही.
- चारही टायर एकाच आकाराचे आणि एकाच नक्षीचे घ्या. पुढे-मागे वेगळ्या उंचीची चाकं असली तर एबीएसला (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला) चाकांच्या वेगातला फरक चुकीचा वाटू शकतो.
- सेकंडहँड मॅग व्हील घ्यायचं असेल तर बॅलन्सिंग मशिनवर टायरशिवाय फिरवायला सांगा. कड लहरत असेल तर वाकलेलं आहे. वेल्डिंगचा डाग आतल्या बाजूला शोधा, बाहेरून रंग मारलेला असतो.
- बिलावर पूर्ण आकार, वजनाचा आकडा, वेगाचं अक्षर आणि टायरचा क्रमांक लिहून घ्या. "टायर ४ नग" एवढ्यावर सही करू नका.

आणि नट. लोखंडी डिस्कचे नट मॅग व्हीलला चालतीलच असं नाही. नटाची बसायची बाजू शंकूसारखी आहे की गोलाकार, हे डिस्कच्या भोकाशी जुळलं पाहिजे. नटाचे आटेही गाडीगणिक वेगळे असतात. सुझुकीच्या लहान गाड्यांना १२ × १.२५, होंडा आणि ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांना १२ × १.५. दोन्ही दिसतात सारखे. चुकीचा नट दोन-तीन आटे फिरतो आणि अडकतो. तिथे मशिनने जोर लावला की बोल्टचे आटे गेलेच.

७. बसवताना उभं राहून बघा

एकच चाक आधी पुढे लावायला सांगा. गाडी खाली घेऊन स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. प्रत्येक टोकाला आतून आणि बाहेरून हात घालून जागा बघा. ब्रेकच्या कॅलिपरला डिस्क लागत नाही ना, तेही बघा. मग टायरच्या खांद्यावर खडू घासा, मागे तीन माणसं बसवा आणि दुकानाच्या आसपास एक गतिरोधक आणि एक यू-टर्न घेऊन या. अस्तरावर खडूचा पांढरा डाग उमटला तर टायर लागतोय. हे सगळं होईपर्यंत जुने टायर आणि डिस्क दुकानदाराला देऊ नका आणि पूर्ण पैसेही देऊ नका. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही.

शेवटची आवळणी टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्याइतकी, समोरासमोरच्या नटांच्या क्रमाने. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासा. मॅग व्हील नवीन असताना बसका घेतं आणि नट किंचित सैल होतात. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण माझ्या ओळखीतले निम्मे लोक विसरतात. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्याच दिवशी करून घ्या, वॉल्व्ह नवीन घाला.

हवा नव्या आकाराप्रमाणे भरा. वरच्या मॉडेलच्या दारावरच्या स्टिकरचा आकडा त्यासाठी कामाला येतो. बुटक्या भिंतीच्या टायरमध्ये हवा कमी आहे हे नुसतं बघून कळत नाही, म्हणून दर पंधरा दिवसांनी थंड टायरवर मोजा.

८. स्टेपनी आणि जुने नट

चार मॅग व्हील घेतली की पाचवं चाक जुनंच, लोखंडी राहतं. दोघांची पूर्ण उंची जवळपास सारखी असेल तर अडचणीत चालतं. माझ्या बाबतीत ६१९.६ आणि ६२१.५, म्हणजे २ मिमीचा फरक. पंक्चर काढेपर्यंत ताशी ८० च्या आत सावकाश जाता येतं. २०५/६५ वर असतो तर २८ मिमी बुटकी स्टेपनी लावून घाट उतरावा लागला असता.

लोखंडी डिस्कला लोखंडी डिस्कचेच नट लागतात. त्यातले चार एका कापडी पिशवीत बांधून स्टेपनीच्या खोबणीत ठेवा. मॅग व्हीलच्या नटांना वेगळा पाना किंवा चोर-नटाची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या खास नटाची) किल्ली असेल तर तीही त्याच पिशवीत. आणि एकदा घरासमोर, उजेडात, गाडीतल्याच जॅकने आणि पान्याने एक चाक काढून स्टेपनी लावून बघा. माझ्या जुन्या पान्याचं तोंड मॅग व्हीलच्या खोल भोकात शिरतच नव्हतं. हे मला अंगणात कळलं म्हणून त्याच संध्याकाळी पातळ तोंडाचा पाना आणता आला.